पूल ओलांडलेली डुकरीण

कोपिलच्या धाकट्या नणंदेचं लग्न लढाईपायी मोडलं, त्याच वर्षी भूकंपाने अर्धा डोंगर नदीत उतरला आणि वर पाणी तुंबलं. ते फुटलं की काठावरचं येंगांचं गाव वाहून जाणार होतं, आणि त्या गावात कोपिलचा सख्खा भाऊ गोइंबा राहत होता. ती मात्र समोरच्या कड्यावरच्या पालिंबांची सून. येंगांच्या एका माणसाच्या खुनावरून पेटलेल्या दोन्ही कुळांच्या लढाईला तिसरं वर्ष लागलं होतं.

सरकारी माणसांनी पुराची वर्दी द्यायला दोन्ही गावांना एकेक भोंगा दिला होता. दोन वर्षं त्यातून नुसत्या शिव्या गेल्या. त्यामुळे सकाळी कोपिलच्या नवऱ्याने पाणी येतंय, वर या, म्हणून भोंग्यातून घसा फोडला, तेव्हा खालून हसू आलं. मागोमाग त्यांचा भोंगा म्हणाला, "घरं आम्ही रिकामी करतो, जाळायला काडी तुम्ही आणा."

कोपिल निघाली. बाईवर कोणी बाण सोडत नाही, पण बाईच्या शब्दावर गावही उठत नाही. सासरा रुमिंट म्हणाला, आपली थोरली डुकरीण ने. बाप्ये चवताळले. डुक्कर पूल ओलांडून गेलं म्हणजे खुनाची भरपाई दिली, खून आपण केला हे कबूल केलं.

"खुनावरून मग भांडू," रुमिंट म्हणाला. "भांडायला ते जिवंत तर हवेत."

दोरी त्यानेच सोडली. कोपिल डुकरिणीला पुढे घालून उतारावरून धावत सुटली. वेलींच्या पुलावर मधोमध डुकरीण अडली. कोपिलने रताळं दाखवलं, शेपूट पिरगाळलं, शेवटी खांदा लावून ढकललं.

पलीकडे गोइंबा धनुष्य घेऊन उभा. "नवऱ्याने हाकललं का गं?"

"दादा, फसवायला कोणी ही डुकरीण पाठवेल का?"

त्याने डुकरिणीकडे पाहिलं, मग पुलाखाली उघड्या पडलेल्या नदीच्या गोट्यांकडे. आणि तो गावाकडे ओरडत पळाला.

त्यांच्या बाजूला चढायला वाटच नव्हती. म्हातारी पाठुंगळीला, पोरं कडेवर, सारं गाव पूल ओलांडून वैऱ्याच्याच कड्यावर चढलं. शेवटचा माणूस वर आला नाही तोच डोंगराआडून गडगडाट झाला. पूल, घरं, रताळ्यांचे मळे, सगळं एका दमात गेलं.

कड्यावर दोन्हीकडचे बाप्ये बाण धरून समोरासमोर उभे. धापा टाकत गोइंबाने डुकरिणीची दोरी रुमिंटच्या हातात दिली.

"ही घ्या तुमची. खुनाचं बसून बोलू."

रुमिंट आपल्या अंगणातल्या चुलीजवळ जाऊन बसला आणि सरकून त्याला बसायला जागा केली.

बोलणी अकरा महिने चालली. पुरात कोणी मेलं नाही. रुमिंट बोलणी संपायच्या आधी, ऑगस्टच्या नऊ तारखेला, तापाने वारला.