डोमनिकाचा चुना

मोल्दोव्हातल्या त्या गावात ईस्टरच्या आठवड्यात ज्या घरासमोरच्या झाडांचे बुंधे पांढरे होत नाहीत, ते घर ओसाड समजायचं. डोमनिकाच्या कुंपणाला लागून अक्रोडाची रांग होती. नवरा तुदोसे कामासाठी इटलीला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहू लागला, तरी दर ईस्टरला चुना लागायचा. ती लावायची.

बुधवारी नणंद वेता दारात आली. बसलीसुद्धा नाही.

"यंदा झाडांना चुना नको. तुदोसेनं घर विकायला काढलंय. शनिवारी गिऱ्हाईक येतंय. मी सांगून बसलेय, घर कधीचं बंद आहे."

"बंद? मग मी कोण वन्सं, भूत?"

"तू त्या दिवशी माझ्याकडे ये, ईस्टरचा पास्का पाव भाजायला. उगाच शोभा नको. नवऱ्यानं टाकलेली म्हणून गावाला कळेल."

"गावाला माझ्याआधी कळलंय!"

वेता गेल्यावर डोमनिकानं विहिरीवरून बादलीभर पाणी आणलं. इतकी वर्षं विहिरीवर ती मान खाली घालून पाणी भरत आली होती. कशासाठी? तिनं बादलीत कळीचा चुना ओतला. तो खदखदला. निवल्यावर त्यात मोरचूद ढवळलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या रस्त्यादेखत, तिनं शिडी लावली.

"अगं, कंबरेएवढा लावतात!" शेजारचा म्हातारा इलारिओन ओरडला. "फांद्यांपर्यंत कुठं निघालीस?"

"लांबून दिसायला हवा, काका."

वेता तरातरा आली. "लाज नाही वाटत?"

"तुमच्या भावानं मला चुना लावला तेव्हा तुम्ही गप्प होतात," डोमनिका वरूनच म्हणाली. "मी तर झाडांना लावतेय."

इलारिओन कुंपणाला धरून खो खो हसला. वेता आल्या पावली परतली.

शनिवारी फाटकापाशी गाडी थांबली. वेता आधीच येऊन उभी होती. शहरातल्या गृहस्थांनी बुंध्यांकडे पाहिलं, मग वेताकडे. "घर रिकामं आहे म्हणालात ना?"

पिठाच्या हातांनीच डोमनिकानं फाटक उघडलं.

"मी राहते इथं. तुदोसेची लग्नाची बायको. माझ्या सहीशिवाय या घरातला खिळासुद्धा विकला जायचा नाही."

गृहस्थ तसेच मागे फिरून गाडीत बसले.

संध्याकाळी इटलीहून फोन आला. तुदोसे पहिल्या शब्दापासून शिव्या देत होता. डोमनिकानं फोन खिडकीत ठेवला, त्याला मनसोक्त ओरडू दिलं आणि ईस्टरची अंडी लाल रंगात बुडवायला घेतली.