वरच्या मजल्यावरचा पियानो

क्रेनवाली बाई सकाळी येणार होती. सकाळ संपत आली तरी तिचा पत्ता नव्हता, आणि फर्नांद घरभर नुसती भिरभिरत होती. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून न्हाणीघरात, तिथून परत बैठकीच्या खोलीत. बसायला एकही खुर्ची उरली नव्हती हे खरं, पण असती तरी ती बसली नसती. बैठकीच्या खोलीत आता चार भिंती होत्या आणि भिंतीला पाठ टेकून उभा असलेला तो काळा पियानो. बाकी सगळा संसार खालच्या गल्लीतल्या तळमजल्यावरच्या नव्या घरात जाऊन पडला होता.

जुलैची पहिली तारीख. या दिवशी सगळं माँट्रियाल घर बदलतं. सगळ्यांचे भाडेकरार एकाच दिवशी संपवायचे हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं देव जाणे! शहराच्या व्हर्डन भागातल्या त्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. फुटपाथवर गाद्या, गाद्यांवर मांजरांचे पिंजरे, रस्त्यात आडवेतिडवे लावलेले ट्रक. बाहेरच्या लोखंडी गोल जिन्यांवरून लोक फ्रीज उतरवत होते आणि त्याच जिन्यांवरून दुसरे लोक दुसरे फ्रीज चढवायला टपून बसले होते. उकाडा असा, की अंगावरचा सदरा पिळून काढावा.

फर्नांदला पियानोची काळजी नव्हती. म्हणजे होती, पण ती दुसरी. पहिली काळजी होती तिच्या नवऱ्याची. ईस्टरच्या आठवड्यात गाएताँची छाती उघडून डॉक्टरांनी त्याचं काळीज दुरुस्त केलं होतं आणि घरी पाठवताना बजावलं होतं, की दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही. त्या जिन्यापायीच तर हे घर सुटत होतं. आणि गाएताँ हा असा माणूस, की त्याला 'उचलू नकोस' म्हटलं की त्याचे हात शिवशिवायला लागत. सकाळपासून तो दिसला नव्हता.

खालून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सलग. नव्या भाडेकरूंचा ट्रक नेमका त्यांच्या बाल्कनीखाली येऊन उभा होता. दाढीवाला एक तरुण खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला, "मादाम! बारा वाजले! घर आमचं झालं!"

"पियानो आहे अजून!" फर्नांद वरून ओरडली.

"मग पियानोसकट देता का? भाडं तेवढंच ठेवा!"

गल्लीतले चारदोन जण हसले. फर्नांदला हसू आलं नाही. तिने क्रेनवालीला परत फोन लावला. ह्युगेत तिचं नाव, आवाज भरड्या सिमेंटसारखा.

"मादाम, मी कोपऱ्यावर आहे. केव्हाची आहे. तुमच्या गल्लीत ट्रक शिरेल एवढी फट तरी ठेवा की कुणी! आणि तुमच्या बाल्कनीखाली कोण मुक्काम ठोकून बसलंय? मला तीच जागा लागणार."

"हलवायला सांगते. पण तू जाऊ नकोस हं!"

"जाते कशाला? पुढे ट्रक, मागे ट्रक."

फर्नांदने खाली वाकून सांगून पाहिलं. दाढीवाला, तीमोते नावाचा, ऐकायला तयार नव्हता. हा ट्रक भाड्याचा आहे, दोन वाजता परत द्यायचाय, ही जागा सोडली तर दुसरी मिळायची कुठे? त्याचंही खोटं नव्हतं. आपल्याच ट्रकने क्रेन अडवायची आणि क्रेन येत नाही म्हणून आपणच हॉर्न मारायचा, असला सगळा न्याय होता.

तेवढ्यात मागच्या जिन्यावर बूट वाजले. गाएताँ आला होता. घामाने निथळत, गाल लाल, खांद्यावर दोराचं भलं मोठं वेटोळं.

फर्नांदने तो दोर लगेच ओळखला. "हा तू टाकून देणार होतास!"

"टाकतो कशाला? पियानो ज्या दोराने वर आला त्याच दोराने खाली जाईल. आकडा तिथेच आहे बाहेर छताला, बघून आलो."

"कुजलाय तो."

"मी पण कुजलोय, अजून तुटलो का?" त्याने दोर जमिनीवर टाकला आणि जिन्याकडे वळून हाक मारली, "या रे, वर या!"

गल्लीतली तीन माणसं वर आली. समोरचा प्लंबर, त्याचा मेव्हणा आणि कुणीतरी उघडाबंब गडी, ज्याचं स्वतःचं सामान अजून फुटपाथवर ऊन खात होतं. तिघांच्याही हातात थंड बीअर होती. पहिल्या जुलैला या शहरात मदतीचा मोबदला बीअर आणि पिझ्झा, आणि तेवढ्यावर माणसं काहीही उचलायला तयार होतात. पियानो म्हणजे बिनदाराचा फ्रीज, अशी त्यांची समजूत होती. सगळ्यांत मागून, एकेका पायरीवर दम खात, गाएताँचा थोरला भाऊ आर्माँ आला. त्याने बर्फाची पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"आर्माँ, तू तरी सांग याला," फर्नांद म्हणाली.

"मी काय सांगणार? माझं कधी ऐकलंय त्याने?"

"त्या वेळी आम्ही तीन माणसांत चढवला होता," गाएताँ प्लंबरला सांगायला लागला. झालं! हा किस्सा नवीन वर्षाच्या प्रत्येक जेवणात होत असे. तरणीताठी पोरं, एक आकडा, एक दोर, ना क्रेन ना पट्टे. रात्रीच्या पावसाने दोर ओला झालेला. पियानो बाल्कनीला लागला, दोर वीतभर सरकला, आणि वर बाल्कनीत उभ्या आर्माँने नको तिथे हात घातलेला. "कठडा आणि पियानो यांच्यात! कोण घालतं तिथे हात? दाखव रे आर्माँ."

आर्माँने डावा हात वर केला. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. तो हसला, नेहमी हसायचा तसाच.

फर्नांदचाही एक किस्सा होता, त्याच दिवसाचा. लग्नाला महिना झाला होता, तिने पिवळा झगा घातला होता. ती बाल्कनीच्या दारात आली, आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या गाएताँने, डोक्यावर पियानो लोंबकळत असताना, तिला बघून हात हलवला! असा माणूस, म्हणून ती सगळ्यांना सांगायची. दोन्ही किस्से एका टेबलावर, एका रात्री सांगितले जायचे, पण कधी एकमेकांना शिवले नव्हते. तिनेच त्यांना शिवू दिलं नव्हतं, हे तिला अजून कळायचं होतं.

"चला, भिंतीपासून ओढा," गाएताँ म्हणाला.

"गाएताँ, हात लावू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"मी फक्त दिशा दाखवतोय, बाई!"

माणसांनी पियानो ओढला. त्याच्याच पायांखालच्या पितळी चाकांवर, जी शोभेपलीकडे कशाला उपयोगी नसतात. झाकण उघडंच होतं. चाकं करकरली, लाकडी फरशीवर पांढरी रेघ उमटली, आणि बाल्कनीच्या उंबऱ्याशी एक चाक अडकलं. प्लंबरने जोर लावला. पियानोचं सगळं वजन पाठीत असतं, तिथे लोखंडाची चौकट असते. पुढून ढकलला तर तो मागेच कलतो. तो कलला. आतल्या तारा एकदम गुणगुणल्या. उघडा गडी "ए, ए!" करत मागे सरला, आणि गाएताँने, जो नुसती दिशा दाखवत होता, पुढे होऊन आपला खांदा पियानोच्या पाठीला लावला.

फर्नांद किंचाळली. त्याच्या मानेची शीर टरारून फुगलेली तिला दिसली. प्लंबर आणि मेव्हण्याने कडा धरून पियानो कसाबसा सरळ केला. सगळेजण धापा टाकत उभे राहिले. गाएताँचा लाल चेहरा आता राखेसारखा झाला होता, तरी तो म्हणाला, "बघितलंत? अजून जोर आहे. आता दोर बांधू."

चर्चमधल्या सगळ्या पवित्र वस्तूंची नावं घेत, तिकडे शिव्या अशाच देतात, फर्नांदने त्याला शिव्या घातल्या, ज्या तिच्या तोंडून त्या घराने आजवर ऐकल्या नव्हत्या. तो हसत हसत दोर उलगडू लागला. तिला रडू फुटलं. त्याला धरावं तरी पंचाईत, ओढावं तरी पंचाईत. छातीवरचे ते टाके!

"दोर ठेव," आर्माँ म्हणाला.

तो पेटीवरून उठला होता. आवाज चढलेला नव्हता, पण प्लंबरने बाटली तोंडापासून खाली घेतली.

"तू कशाला मध्ये पडतोस?"

"एवढी वर्षं नाही पडलो. आज पडतो." आर्माँने डावा हात पियानोच्या झाकणावर ठेवला. "दोर ओला नव्हता, गाएताँ. पाऊस दुसऱ्या दिवशी पडला."

"पडला असेल. एवढं जुनं कुणाला आठवतंय?"

"मला. माझं व्हायोलिन सुटलं त्या दिवशी, मला आठवणारच. हा पियानो कशाला आणला होता इथे? फर्नांदने आणि मी मिळून वाजवावं म्हणून. तू दोर एका हातात धरलास. दुसरा हात वर होता तुझा."

खालून हॉर्न वाजला आणि मध्येच थांबला.

फर्नांदला तो हात दिसला. खाली रस्त्यात, उन्हात, हसऱ्या चेहऱ्याशेजारी वर झालेला तो हात, जो तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता. आणि त्याच्या मागोमाग आलेली किंकाळी. दोन्हींच्या मध्ये काहीच नव्हतं. एक श्वास होता, फार तर.

"मला हात केला होता त्याने," ती म्हणाली. "आर्माँ, तू बोलला का नाहीस रे?"

"तू इतक्या आनंदाने सांगायचीस ते. काय बोलणार?" आर्माँने खांदे उडवले. मग भावाकडे बघितलं. "मी बोटांवर भागवलं, गाएताँ. हिने कशावर भागवायचं? आज दोर सुटला तर खाली पियानो पडेल, वर तू पडशील. हिला कुठला किस्सा उरेल सांगायला?"

गाएताँने दोर हातातून खाली सोडला. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, आणि पहिल्यांदाच आपला हात छातीवर ठेवला. "दुखतंय थोडं," तो म्हणाला. फर्नांद त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिला त्याचा राग आला होता, आर्माँसमोर लाज वाटत होती, आणि नवरा जिवंत आहे याचा आनंदही होता. त्याचा हात तिने सोडला नाही.

तीमोते केव्हाचा दारात येऊन उभा होता. भांडायला आला असावा. त्याने आर्माँचा हात बघितला, जमिनीवर बसलेली ती दोघं बघितली. "मी ट्रक काढतो," तो म्हणाला आणि जिना उतरला. थोड्या वेळाने खाली त्याचाच आवाज गल्लीभर घुमू लागला, "मागे घ्या! अहो, पिझ्झावाले, तुम्ही पण! क्रेनला जागा द्या!"

ह्युगेत आली ती बोलतच आली. "याला चाकांवर ओढला कुणी? झाकण उघडं ठेवून? माणसं आहात की कोण?" तिच्या दोन माणसांनी झाकण बंद करून चिकटपट्टी मारली, पियानोला जाड रजयांत गुंडाळलं, रुंद पट्ट्यांनी फळीवर आवळला, फळीखाली रबरी चाकांची पाटी सरकवली. उंबऱ्यावर लाकडी उतार टाकला. बाल्कनीच्या कठड्याचे नट उघडून तो बाजूला काढून ठेवला, म्हणजे आता हात चिरडायला तिथे कठडाच नव्हता. खालून क्रेनचा पिवळा हात वर आला. कुणी घामाघूम झालं नाही, कुणी ओरडलं नाही. प्लंबरला तर ते बघून जरा कंटाळाच आला.

"सगळे खाली. मादाम, तुम्हाला बघायचं असेल तर दाराच्या आत उभ्या राहा," ह्युगेत म्हणाली आणि खाली जाऊन क्रेनच्या कळांशी उभी राहिली.

पियानो बाल्कनीतून हळूच बाहेर गेला आणि हवेत एकटा झाला. गल्लीतलं सगळं सामान जागच्या जागी थांबलं. फर्नांदचा जीव टांगणीला लागला होता, जरी खाली एकही माणूस नव्हता. सगळ्यांना पलीकडच्या फुटपाथवर पिटाळलं होतं. तिथे दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते. गाएताँचे दोन्ही हात खिशात होते, मुठी आवळलेल्या. तो पियानोकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. त्याचा उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला, आणि शरमल्यासारखा परत आत गेला.

फर्नांदलाही हात वर करता येईना.

आर्माँने भावाला कोपराने ढोसलं. "हलव ना, गाढवा," त्याचा आवाज वरपर्यंत आला. "आज दोर यंत्राकडे आहे."

गाएताँने हात वर केला, आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. फर्नांदने दोन्ही हात हलवले, तोंड रडण्याने वेडंवाकडं करून. तिला बघून आर्माँनेही आपला डावा हात वर केला, उरलेली बोटं पसरून.

क्रेन खाडकन थांबली.

"अहो, हात खाली करा सगळे!" ह्युगेत कडाडली. "हात वर म्हणजे माझ्या माणसाची थांबायची खूण आहे!"

गल्ली हसली. तिघांनीही हात खाली केले नाहीत. आणि पियानो आपला रजया गुंडाळून, रस्त्याच्या मधोमध, हवेत तसाच थांबून राहिला.