भिंतीकडे तोंड

भोंगा हे नाव त्याला बसस्थानकावर मिळालं. तिथे तो गाड्यांची घोषणा करायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, कुठली रखडलीय, कुणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीत रडत बसलंय, सगळं त्याच्या तोंडून ऐकायचं. आवाज असा की गाडी चुकलेला माणूसही चिडत नसे. तो मला ताई म्हणायचा; मी त्याला समोर दादा म्हणायचे, मागे भोंगाच. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रागावल्या की त्याही भोंगाच म्हणायच्या.

पुढे स्थानकावर बोलकं यंत्र आलं आणि भोंग्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. ते यंत्र केव्हाच बंद झालेल्या एका थांब्याचं नाव रोज घ्यायचं, आणि लोक येऊन तिथलं तिकीट मागायचे. भोंग्याने साहेबांना सांगितलं, साहेबांनी कंपनीला कळवलं, कंपनी म्हणाली, पुढच्या वेळी बघू. तेवढा एक शब्द खोडायची परवानगी स्थानकात कुणालाच नव्हती. यंत्र आपलं, वीज आपली आणि त्याच्या तोंडातला शब्द मात्र दुसऱ्याच्या मालकीचा, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. निवृत्त झाल्यावर त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा खांद्यावर घेतला. मुक्त म्हणजे जे कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, शेजाऱ्याला देता येतं असं. हे त्याने आमच्या कानीकपाळी इतकं ओरडून सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचो. लोक आपले म्हातारे, कण्हणारे कॉम्प्युटर काखोटीला मारून आणायचे आणि आम्ही त्यांत नवी प्रणाली घालून द्यायचो, फुकट. माझ्या नवऱ्याच्या भाषेत लष्कराच्या भाकऱ्या. आम्ही म्हणजे भोंगा, एक वायरमन आणि मी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दुकानाचा मेलेला कॉम्प्युटर भोंग्याने उठवून बसवला, आणि तेव्हापासून माझे रविवार गेले.

भोंग्याचा एक नियम होता. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला तो कुलूप घालायला लावायचा, आणि त्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक वाक्य, ज्याचं त्याने ठरवायचं. कागदावर लिहायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, आम्हाला तर नाहीच नाही. माणूस ते वाक्य टाइप करायला बसला की भोंगा खोलीभर हुकूम सोडायचा, आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. नुसतं दुसरीकडे बघितलेलं चालायचं नाही. नवखे लोक हसायचे, पण वळायचे. किल्ली ठरली की तो म्हणायचा, "झालं, वळा." तोवर कुणी हलायचं नाही. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरला कुलूप घातलं तेव्हा आम्हीच काय, वहिनीही भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

वहिनींना वाचनाचं भारी वेड, आणि नेमके त्यांचेच डोळे मधोमध विझत चालले होते. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. खोलीच्या भिंती दिसायच्या, बोलणाऱ्याचा चेहरा नाही. त्यांचा चष्मा मीच करायचे. दर वेळी काच जाड करायची, दर वेळी त्या दुकानातला अक्षरांचा तक्ता वाचायला बसायच्या आणि ऐकून पाठ झालेल्या ओळी म्हणून मला फसवायच्या. शेवटी एकदा मी त्यांना खरं सांगितलं, की वहिनी, आता काचेने काही होणार नाही. त्या म्हणाल्या, मग पैसे वाचले. त्या दिवशी मला दुकानात दुसरं काही काम सुचलं नाही.

मग भोंगा वाचायला लागला. रोज सकाळी माइकसमोर बसून कादंबरीची दोन-तीन प्रकरणं वाचून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचा आणि शाळा, महिला मंडळं, व्यायामशाळा असा आपल्या प्रचाराला बाहेर पडायचा. कीबोर्डच्या सर्वांत लांब पट्टीवर त्याने सदऱ्याचं एक बटण चिकटवलं होतं. वहिनींनी चाचपून ते दाबलं की त्याचा आवाज सुरू, पुन्हा दाबलं की बंद. असं त्याने कपाटभर वाचलं. कॉम्प्युटर तो कधी बंदच करायचा नाही, म्हणजे वहिनींना किल्लीची गरजच पडायची नाही. जास्तीच्या प्रतीही काढून ठेवल्या होत्या, पण कुलूप त्यांनाही तेच. याबाबतीत तो फार शिस्तीचा.

पक्षाघाताचा झटका त्याला घरीच आला. वायरमन शेजारच्याच गल्लीत राहतो, तो धावत गेला, भोंग्याला उचलून गाडीत घातलं, वहिनींना बसवलं. घर रिकामं होताना मेन स्विच पाडूनच बाहेर पडायचं, ही वायरमनची जन्माची सवय. या सवयीने लोकांची घरं जळता जळता वाचलीत. त्या सकाळी त्याच सवयीने त्याचा हात वर गेला आणि भोंग्याचा कॉम्प्युटर बंद पडला.

भोंगा वाचला. चालतो, जेवतो, माणसं ओळखतो. बोलायला मात्र एकच शब्द उरला, फलाट. चहा हवा तरी फलाट, पाय दुखला तरी फलाट, मी दिसले की हसून फलाट. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत, आणि लिहायला गेलं तरी सापडणार नाहीत. वहिनी घरी आल्या, कॉम्प्युटर चालू करवून घेतला, बटण चाचपून दाबलं. पडद्यावर किल्ली मागणारी चौकट होती, ती त्यांना दिसत नव्हती. त्या नुसतं बटण दाबत राहिल्या.

आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. फलाटापुढे आकडे लावून पाहिले, गाड्यांची नावं पाहिली, वहिनींच्या आवडत्या पुस्तकांतली वाक्यं पाहिली. भोंग्याला खुर्चीत बसवलं. तो कीबोर्डवर डावा हात ठेवायचा, बोटं अधांतरी फिरवायचा, काहीबाही दाबायचा आणि आमच्याकडे बघायचा. आपण काय विसरलोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते बघवायचं नाही. मूर्ख असल्यासारखे आम्ही तेव्हाही भिंतीकडे तोंड करूनच उभे राहायचो, कारण आम्ही वळलो नाही तर तो कीबोर्डला हातच लावायचा नाही.

मी जगभरच्या जाणकारांना लिहिलं. भली माणसं, सगळ्यांनी उत्तरं दिली, हळहळले. पण म्हणणं एकच: कुलूप उघडणार नाही, उघडलं तर ते कुलूप कसलं. एरवी मला भांडायला कुणीतरी लागतं. कंपनी असती तर दारात जाऊन बसले असते. इथे कुणाच्या नावाने बोटं मोडायची? आपलेच दात, आपलेच ओठ. वायरमनने तर बोलणंच टाकलं होतं. तो वहिनींच्या घरातली प्रत्येक वायर बदलून आला, धडधाकट असलेलीसुद्धा, आणि वहिनींनी त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आमच्या मंडळाचा वर्षातला मोठा कार्यक्रम आला. मी म्हटलं, यंदा राहू दे. पण वहिनींनी ऐकलं नाही. हे उभं केलेलं यांच्यादेखत मोडायचं नाही, म्हणाल्या, आणि भोंग्याला इस्त्रीचा सदरा घालून घेऊन आल्या. खोली भरली होती. दोघं पहिल्या रांगेत बसले आणि भोंग्याचं भाषण करायची पाळी माझ्यावर आली. मी ते पाठ म्हटलं, बोलक्या यंत्रापासून शेजाऱ्याला द्यायच्या प्रतीपर्यंत. त्याच्या विनोदांच्या जागा आल्या तिथे लोक हसले नाहीत. तो मात्र हसला, आपलेच विनोद म्हणून.

मग कुलपाचा भाग आला. टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या एका नर्सने विचारलं, "आणि मी किल्ली विसरले तर?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. भोंगा त्याचीच वाट बघत असायचा आणि मोठ्या तोऱ्यात उत्तर द्यायचा. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान तिरकी केली होती, कडेकडेने का होईना मी दिसावी म्हणून.

"तर काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला उघडता येणार नाही, आम्हाला नाही, ज्यांनी केलंय त्यांनाही नाही."

भोंग्याने मान डोलावली. कुणी बरोबर उत्तर दिलं की तो अशीच मान डोलवायचा. मला रडू आलं आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला झाले.

तेवढ्यात वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई पुढे आल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात त्यांनी फोनवर थोडंसं चित्रण केलं होतं, ते जुन्या फोनमध्ये सापडलं, आणि सगळ्यांना, विशेषतः वहिनींना, आनंदाचा धक्का द्यावा म्हणून त्यांनी कुणाला न सांगता ते लाउडस्पीकरला जोडून ठेवलं होतं. त्यांनी ते लावलं.

"काय मंडळी, घरच्या किल्ल्या शेजाऱ्याच्या खुंटीला टांगता का?" भोंग्याचा आवाज खोलीभर झाला, धडधाकट, स्थानकावरचा. "नाही ना? मग चला, भिंतीकडे तोंड. सगळ्यांनी. ताई, तुलासुद्धा वेगळं सांगायला हवं का?"

तिथे ते संपलं. मी वळले होते. वायरमन वळला होता. नवे लोकही एकमेकांकडे बघत उठले आणि वळले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला म्हणून मी तिरकं पाहिलं, तर भोंगा उठून खिडकीशेजारच्या भिंतीपाशी गेला होता आणि नाक टेकेल इतक्या जवळ उभा होता.

एकट्या वहिनी बसून होत्या. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. दर वेळी किल्ल्या, खुंटी, भिंत आणि मी. लोक हळूहळू आपापल्या जागी बसले. नर्स तेवढी टेबलापाशी टाइप करत होती. तिला वाटलं असणार की हे तिच्याचसाठी चाललंय.

"पुढचं काही नाही का गं?" वहिनींनी मला विचारलं.

"नाही वहिनी. एवढंच आहे."

भोंगा अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. वायरमनने त्याच्या खांद्याला हात लावला, तर त्याने तो झटकला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चित्रण आधीच तुटलं होतं, त्यात "झालं, वळा" नव्हतं. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दादा, झालं. वळा." तो हलला नाही. माझ्या आवाजावर तो कधी वळलाच नव्हता, आता कुठून वळणार?

वहिनी उठल्या. खुर्च्यांच्या पाठी चाचपत त्याच्याजवळ गेल्या, त्याचा हात धरला आणि त्याला न वळवता त्याच्याच शेजारी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीही वळले. दुसरं काय करणार होते? आमच्या मागे नर्सचं टाइप करणं चाललंच होतं. बरंच लांब वाक्य दिसत होतं.

मला राहवलं नाही. भिंतीकडे बघतच मी म्हटलं, "बाई, किल्ली कुणाला तरी सांगून ठेवा. घरी गेल्या गेल्या सांगा."

"फलाट!" भोंगा म्हणाला. नियम मोडणाऱ्याला तो दटावायचा, अगदी त्याच आवाजात.

नर्सची बोटं थांबली. वहिनींनी त्याचा हात सोडला नाही. "ऐकतेय मी," त्या त्याला म्हणाल्या. "बोला पुढे."