माझ्या अंगावरची रोहिणीची खूण

"हीच सरकली असंल. लाकूडच ते शेवटी," माझ्या अंगावर थापटी मारत घरधनी वाळू पुटपुटला.

मला बोलता येत असतं तर या घरात एकाचीही धडगत नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी मेढ आहे. मेढ म्हणजे घराच्या मधोमध उभा राहून आढ्याचा भार घेणारा खांब. मी खैराची. जव्हार तालुक्यातल्या वांगणीत, कारवीच्या कुडाच्या या घरात, मी साठ पावसाळे उभी आहे. माझं बूड कमरेइतकं जमिनीत आहे. सरकायला मी काय इथलं शिरपामाळचं पठार बघायला आलेली पाहुणी आहे?

वाळूची आई कोंडी नवी सून होती तेव्हाची गोष्ट. पूर्वेच्या कुडाला करंगळीएवढं भोक होतं. डोंगराआडून ऊन वर आलं की त्यातून लिंबाएवढा उजेडाचा ठिपका आत पडायचा. हिवाळ्यात तो माझ्या डावीकडे, दूर चुलीपाशी असे. मग रोज थोडा थोडा इकडे येई आणि उन्हाळा संपता संपता माझ्या अंगावर चढे. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत होतं, पण पाहिलं एकट्या कोंडीने. बाकीच्यांचे डोळे भाकरी शोधण्यापुरते. रोहिणी नक्षत्र लागलं त्या सकाळी ठिपका जिथे आला तिथे तिने कोयत्याने खाच पाडली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी तो त्याच खाचेत येऊन बसला.

तेव्हापासून आमच्या घराला मान आला. "कोंडे, ऊन कुठवर आलं?" असं विचारत बाया दारात यायच्या. ऊन खाचेत आलं की आसपासची दहा घरं राबात, म्हणजे पाला जाळून भाजलेल्या जमिनीत, कोरडंच भाताचं बी टाकायची. थोड्याच दिवसांत पाऊस यायचा. कोंडी मला तेल चोळायची. खाचेच्या पुढे ठिपका किती जातो, कुठून परततो, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. तोवर आभाळ भरून यायचं.

आता ठाऊक आहे. खाचेपासून वीतभर पुढे जातो आणि माघारी फिरतो. ऐन आषाढाच्या तोंडावर लख्ख आभाळ असलं की दिसतं. दिसू नये ते दिसलं.

चार वर्षांपूर्वी खाचेवर पेरलं. एक सर आली, बी उगवलं, आणि मग तीन आठवडे थेंब नाही. रोपं करपली. वाळू काय म्हणाला? "खूण चुकली." आणि दहा दिवस पुढची दुसरी खाच पाडली. पुढच्या वर्षी त्या खाचेवर पेरलं, तर एका दुपारी असा पाऊस कोसळला की बी उतारावरून ओहोळात गेलं. तिसरी खाच, या खेपेला मागे. तीही फसली. गेल्या साली राब भाजायच्या आधीच पाऊस आला. भिजका पाला नुसता धुरला आणि राबात भातापेक्षा तण जास्त. पाऊस चुकतो आणि घाव मला! माणसाला अक्कल कमी असली की तो हत्यार उचलतो, हे मी जंगलात असल्यापासून पाहते आहे.

आता आढ्याला पेंढ्यात बांधलेला एकच मुडा बी लटकतो आहे. कोंडीच्या सासूपासून चालत आलेलं भात. हे गेलं की ते वाण गेलं, आणि वाळू आणि त्याची बायको जमुना दरसालसारखी दिवाळीची वाट न बघता वीटभट्टीवर मजुरीला जाणार. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या सकाळी वाळू चौथ्या खाचेसाठी कोयता घेऊन माझ्यासमोर उभा होता.

शेजारचा मंगळू सल्ला द्यायला हजर होताच. त्याची अक्कल त्याच्या मोबाईलमध्ये राहते. "वाळू, मेढ नाय सरकली. धरती कलंडली! व्हिडिओ आलाय. म्हणून सगळं आठ दिस मागं-पुढं."

"काका, धरती कललेलीच हाय. पयल्यापासून," वाळूची मुलगी प्रतीक्षा म्हणाली. ती आश्रमशाळेत नववीत आहे आणि सुट्टीत पाठांतर करून मला हैराण करते. तिने परातीतल्या नागलीच्या पिठाचा गोळा उचलला, त्यात काटकी तिरपी खुपसली आणि ती तशीच तिरपी धरून चुलीभोवती फिरू लागली.

"पीठ ठेव गं, भाकरी एक कमी येल," जमुना ओरडली.

"थांब की आई. ही चूल म्हणजे सूर्य. गोळा सोताभोवती फिरला का दिस-रात. चुलीभोवती एक फेरा म्हणजे वरीस. काटकी कायम एकाच बाजूला कललेली. इथं असताना आपली बाजू चुलीकडं झुकते, उन्हाळा. पलीकडं गेली का आपली बाजू लांब झुकते, थंडी. फेरा पुरा झाला का परत तिथंच. म्हणून ऊन दरसाल खाचेतच येतं. हा कल बदलायला हजारो वर्षं लागतात."

"मग पाऊस का नाय येत खाचेवर?" मंगळूने विचारलं. त्याच्या आयुष्यातला पहिला बरा प्रश्न.

"हवा तापलीय. कोळसा, पेट्रोल जाळून जाळून धुरातला वायू वर साचलाय, तो ऊब बाहेर जाऊ देत नाय. तापलेली हवा पाणी जास्त धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. नायतर सोडतच नाय."

मी शिरपामाळला येणारे पाहुणे पाहिलेत, वाट चुकून इकडे येतात. गाडी चालूच ठेवून, आत गारवा घेत, काच इंचभर खाली करून म्हणतात, "इथली हवा किती छान!" छान आहे ना? मग तिच्यात धूर का सोडता? ज्यांनी कोळसा जाळला त्यांच्या घरी खाचा नाहीत. त्या माझ्या अंगावर आहेत. मित्रांनो, एवढी एकच विनवणी करते. दोष कुणाचा हे कळायच्या आत जवळच्या लाकडावर कोयता चालवू नका. जवळचं असतं म्हणून ते गप्प असतं.

प्रतीक्षा थांबली. ठिपका कोंडीच्या जुन्या खाचेत बरोबर येऊन बसला होता. सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांनी नजर फिरवली. मला तेव्हा उमजलं, की चार वर्षं ही माणसं मला नावं ठेवत होती ती भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या कोंडीला ठेवावी लागू नयेत म्हणून. मूर्ख खरी, पण मायेची.

"एक खाच पाडतोच आये, इथं," वाळू म्हणाला. "ऊन तिथवर गेलं का सगळा मुडा टाकू."

कोंडी भिंतीला धरून उठली. तिने वाळूच्या हातातला कोयता काढून घेतला आणि खाली ठेवला.

"अर्धाच सोड मुडा," ती म्हणाली. "अर्धा राहू दे आढ्याला, पयला गेला तर. दहा घरांस्नी पण तसंच सांग."

"का गं आये?"

"मला पाऊस कळत नाय आता, वाळू. चार वर्षं झाली. कळत नाय."