नळीतली फुंकर

मी बोलतेय, पण एका वेळी एकच गोष्ट बोलेन. माझ्या पोटात गोळीच मुळी एक मावते. ती उडाली की खालचा दांडा ओढायचा, रिकामं काडतूस काढायचं, दुसरं भरायचं. एवढ्या वेळात माणसाला आपल्या चुकीवर विचार करायला सवड मिळते. एका दमात तीस गोळ्या ओकणाऱ्या माझ्या हल्लीच्या भावंडांकडे ही सोय नाही. त्यामुळे त्यांचे मालक आवाज पुष्कळ करतात आणि सुधारत मात्र नाहीत.

माझा जन्म मिलवॉकीतल्या एका जर्मन बंदूककाराच्या दुकानात झाला. जाड अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, गाल टेकायला त्यावर कोरलेला उंचवटा आणि खांद्यात अडकवायला मागे दोन पोलादी शिंगं, असं माझं रूप. मी शिकारीची नव्हे, लढाईची तर नव्हेच. दोनशे यार्डांवरचा कागद उभ्याने, टेका न घेता भोसकायचा, एवढ्यासाठी मला घडवलं. आजवर कागदाखेरीज कुणाचं माझ्याकडून वाईट झालेलं नाही.

पहिला मालक गॉटलीब पाव भाजायचा. रविवारी आधी चर्च, मग नेमबाजी, मग बिअर, असा त्याचा क्रम होता. त्याच्या बायकोच्या मते तो उलटा होता. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि घराबाहेर जर्मन असणं परवडेनासं झालं. नेमबाजी मंडळाची पाटी उतरली, गाणी थांबली. मी जर्मनी कधी पाहिलेली नाही, तरी मलाही पिठाच्या कोठीमागे लपवलं. शेतीत गेलेल्या नंतरच्या पिढीने मला तळघराच्या दाराला अडसर म्हणून लावलं. मी जड आहे, एवढाच गुण त्यांच्या ध्यानात आला होता.

तिथून मला ऑर्लिन झास्ट्रोने सोडवलं. त्यांच्या शेतावरच्या लिलावात तो दुधाच्या किटल्या घ्यायला आला होता, त्या ढिगात मी निघाले. ऑर्लिन चीज बनवायचा. एखादी वस्तू महिनोन्महिने न हलवता तिच्याकडे बघत बसणं ज्याला जमतं, तो माणूस माझ्या कामाचा. लोकांनी त्याला सांगितलं, घासून-पुसून नवी कर. त्याने फक्त गंज तेलाने उतरवला आणि माझं वय माझ्या अंगावर राहू दिलं.

मी अजून जुनी काळी बारूदच खाते. तिची काजळी नळीत धरते आणि वाळली की दगड होते. मग पुढची गोळी भरकटते. म्हणून प्रत्येक गोळीनंतर ऑर्लिन माझी पाठ उघडून तिथे पितळी फुंकणी लावतो आणि दोन-तीन लांब श्वास आत सोडतो. श्वासाच्या ओलीने काजळी मऊ राहते. माणसाचा श्वास असा आतून मिळणाऱ्या वस्तू जगात थोड्या. बासरी एक, आणि मी.

त्याची बायको व्हर्ना मागे घडीच्या खुर्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसते. गोळी कुठे लागली ते ती सांगते, आणि का लागली तेही.

"उजवीकडे गेली. चाप ओढताना कशाचा विचार करत होतास?"

"कसलाच नाही."

"तेच म्हणते मी."

आमच्या आताच्या नेमबाजी मंडळात एक रीत आहे. शेजाऱ्याच्या कागदावर गोळी मारली तर ते गुण शेजाऱ्याला, आणि मारणाऱ्याच्या गळ्यात संध्याकाळपर्यंत गाईची घंटा. बिअर आणायला जाताना ती वाजते, जेवताना वाजते. नवख्यांच्या गळ्यात ती शोभते. यंदाच्या उन्हाळ्यात ती ऑर्लिनच्या गळ्यात पडली, आणि पुढच्याच स्पर्धेत पुन्हा पडली.

गोळी मधोमध लागली होती. कागद तेवढा डेलमरचा होता. शेजारच्या जागेवरून नेम धरणारा हा डेलमर ऑर्लिनचा जुना पत्त्यांतला भिडू.

"ऑर्लिन, अजून एक मार रे," तो म्हणाला. "यंदाचा नेमबाजांचा राजा व्हायला मला थोडेच गुण कमी पडतायत."

सगळे हसले. ऑर्लिनही हसला आणि त्याने घंटा स्वतःच गळ्यात अडकवून घेतली. त्याला माझ्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसत होती, पलीकडचा कागद दिसत नव्हता. डॉक्टरांनी चष्म्याने भागणार नाही म्हणून सांगितलं होतं. मुलगा ॲरिझोनात गोल्फ खेळतो. माझं पुढे काय, हा प्रश्न त्या घंटेने सर्वांसमोर वाजवला.

मला त्यांच्या हवाली करायला ऑर्लिनने स्वतःच मिस्टर व्हिटकोमना फोन केला. व्हिटकोम संग्राहक आहेत. माझ्या जातीच्या तीसेक जणी त्यांच्या घरी काचेआड उभ्या आहेत. तिथली हवासुद्धा मोजूनमापून आत सोडतात. वर्षानुवर्षं त्यांच्यातली एकही खोकलेली नाही. माणूस वाईट नाही. त्याचं आमच्यावर प्रेम आहे, फक्त आम्ही काय करतो ते त्याला आवडत नाही.

सप्टेंबरच्या स्पर्धेला ते मखमली पेटी आणि पांढरे हातमोजे घेऊन आले. ऑर्लिनने त्या दिवशी मला फळीवरून उचललंच नाही.

"हिने आता एकही गोळी झाडू नये," व्हिटकोम माझ्या नळीत डोकावत म्हणाले. "प्रत्येक गोळीने नळी झिजते."

"मग तुम्ही जेवता कसे?" व्हर्नाने विचारलं. "दात झिजत असतील."

त्यांनी पेटी उघडली. आत माझ्या मापाचा खळगा आधीच करून आणलेला होता. आपल्या मापाचा खळगा पाहून कुणाला बरं वाटेल?

तेवढ्यात पुकारा झाला, "झास्ट्रो!"

"झास्ट्रो आज नाही," ऑर्लिन म्हणाला.

"आहे की," म्हणत व्हर्ना खुर्चीतून उठली. "मीही झास्ट्रोच आहे. चर्चमध्ये नोंद आहे, हवं तर बघून या."

"अगं, जड आहे ती."

"वासरं उचललीत मी. ती लाथाही मारायची. तू भरून दे."

"गोळी कुठे गेली ते मला दिसणार नाही, व्हर्ना."

"बरंच झालं. एकदा तरी टीका न ऐकता कुणीतरी नेम धरू दे."

मला दोन चाप आहेत. मागचा ओढला की पुढचा इतका हळवा होतो, की त्याला नुसती शिंकही चालते. हे तिला ठाऊक होतं. तिच्या बोटाला ठाऊक नव्हतं. पहिली गोळी गवतात गेली. डेलमर म्हणाला, "तण माजलंच होतं तिथे." व्हिटकोमनी डोळे मिटले.

मग ऑर्लिन जवळ आला. माझी पाठ उघडून त्याने फुंकणी लावली आणि सावकाश श्वास सोडला. धाप नाही, थरथर नाही. त्याच्या डोळ्यांचं वय झालं होतं, फुंकरीचं नव्हतं.

"श्वास अर्धा सोड आणि थांब," तो व्हर्नाला म्हणाला. "आणि कसलाच विचार करू नको."

"तुझ्यासारखा?"

"माझ्यासारखा."

बार झाला. धूर हलला. ऑर्लिनने डेलमरकडे तोंड वळवलं. "कुणाच्या कागदावर?"

डेलमर दुर्बिणीला चिकटला होता. "तुमच्याच," तो हिरमुसून म्हणाला. "काठावर आहे, पण तुमच्याच."

ऑर्लिनने खुंटीकडे हात नेला, घंटा अजून तिथेच टांगलेली आहे ना ते चाचपलं आणि पुन्हा फुंकणी उचलली. व्हिटकोमनी त्या दोघांकडे पाहिलं आणि मखमली पेटी रिकामीच मिटली. सॉसेजच्या रांगेत उभं राहताना त्यांनी हातमोजेही काढले.

त्या दिवशी आमचा नंबर खालून दुसरा आला. आता दर स्पर्धेला व्हर्ना मला खांद्याला लावते आणि ऑर्लिन फुंकर घालतो. भांडण तेच आहे, बाजू बदलल्या आहेत. व्हिटकोम मधूनमधून येतात. मागच्या खेपेला त्यांच्या गाडीत त्या तिसांपैकी एक होती. ती अजून गाडीतून उतरलेली नाही, पण काच खाली केली होती.

तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याला तेल द्या, जपा. पण त्याचं काम काढून घेऊ नका. झिजायचं आम्हाला भय नाही. आत कुणाचा श्वास येईनासा झाला, की मात्र गंज धरतो. बरंय, मला पुकारा आला. इथे थोडी शांतता ठेवा. व्हर्ना विचार न करण्याचा प्रयत्न करतेय.