गुरुदासच्या कलमांना घातलेलं वळण

कोंबडीच्या रश्श्याने सरकारी रस्ता वाकतो की नाही, यावर माझी नि शेजारच्या महादूची पैज लागली. साल एकसष्ट. महाराष्ट्र होऊन वर्ष झालेलं. आमच्या वाडीतून जाणारा हा रस्ता म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळी नुसती बैलगाडीची चाकोरी. मग इंग्रजाने तिच्यावर मुरूम टाकला. आता म्हणे कसालहून मालवणला जाणारा राज्याचा रस्ता, डांबरी नि रुंद! ओव्हरशियरने लाल डोक्याचे खुंटे मारले ते सरळ रेषेत, थेट गुरुदास खोताच्या हापूस कलमांतून. आणि त्याच दुपारी तो गुरुदासकडेच जेवायला गेला.

"उद्या खुंटे वाकतले बघ," मी म्हटलं.

"सरकारचो रस्तो तो! तुझी म्हस नाय, खंयपण वळूक. सरळच जातलो," महादू म्हणाला.

"लाव पैज. हरात तेची अर्धी मिशी. पयली एस्टी येयत तेवा स्टँडार, सगळ्यांच्या देखत."

"खुंट्यांचा काय सांगतंस? डांबर पडात तांच खरां."

"चलात."

सकाळी बघतो तर खुंटे कलमबागेला वळसा घालून गेलेले. ओव्हरशियर गुरुदासच्या पडवीत नकाशा पसरून बसला होता. काल जेवून हातसुद्धा नीट धुतला नव्हता मेल्याने. त्याच्या अंगठ्याचा पिवळा तेलकट डाग नकाशावर उमटला होता, आणि आमचा रस्ता त्या डागाला धरून वळला होता. पैज जिंकल्यातच जमा म्हणून मिशीला पीळ देत महादूकडे निघालो.

वाटेत काशीकाकी आपल्या विहिरीच्या कठड्यावर बसलेली. शेवटचा खुंटा विहिरीला टेकून. वाडीतलं गोडं पाणी तेवढंच, बाकी सगळ्या विहिरी मचूळ.

"बाबली, बाव बुजयतले म्हणतत रे. दोन तास गुरुदासच्या खळ्यात उभी होतंय. भायर नाय इलो तो. पाणी खंयसून हाडू आता?"

माझा पीळ तिथेच सुटला.

तिन्हीसांजेला न्हाणीतला दगड उचलला. रोज टाच घासायचा तोच. त्याला तेल-शेंदूर फासला, वळणावरच्या खुंट्यापाशी नेऊन बसवला, पुढे नारळ नि दोन विड्या ठेवल्या. वेशीच्या राखणदाराला, देवचाराला, विडी लागतेच.

सकाळी मजुरांनी कुदळी खाली टाकल्या.

"साहेबानू, हय आमी कुदळ मारूचंव नाय," मुकादम म्हणाला.

"परवा इथे कुठला देव नव्हता!" ओव्हरशियर ओरडला.

"परवा तुमी जेवक गेललास."

गुरुदास आला. मला वाटलं, हा लाथ मारील. मारली असती तर मनातल्या मनात हात जोडले असते त्याला. पण गड्याने वहाणा काढल्या आणि आडवाच पडला.

"चुकलंय रे महाराजा! रस्तो कलमांतसून जावंदे, पण माका सांभाळ."

काशीकाकीसाठी उंबरा ओलांडला नाही त्याने, आणि माझ्या टाचेच्या दगडावर कपाळ घासत होता. शेंदूर पार भुवयांपर्यंत लागला. हसायला यायला हवं होतं. मी बाजूला जाऊन थुंकलो.

खुंटे परत सरळ झाले. कलमं पडली, विहीर राहिली. दिवाळीनंतर डांबर पडलं, सुतासारखं सरळ.

आणि मी हरलो.

पहिली एस्टी यायच्या दिवशी स्टँडवर सगळी वाडी जमली. मी खोक्यावर बसलो. महादूने स्वतः न्हाव्याला आणलेलं. गुरुदास पान चघळत पुढेच उभा.

"काय रे बाबली, सगळ्यांची खोडी काढतंस, आज तुझीच खोड मोडली!"

त्या दगडाबद्दल एक शब्द बोललो असतो तर गुरुदासने दुसऱ्या दिवशी काशीकाकीच्या विहिरीत मुरूम ओतला असता.

"डावी की उजवी?" न्हाव्याने विचारलं.

"गुरुदासाक दिसता ती काढ."

वस्तरा फिरला. एस्टीचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून बघत होता.