भागुबाईची मशेरी

कृष्णातनं आपला रक्ततपासणीचा रिपोर्ट लॅमिनेट करून आणला तेव्हाच भागुबाईचं माथं भडकलं. माणूस लग्नाचा फोटो लॅमिनेट करतो, फार तर रेशन कार्ड. तिच्या लेकानं आपल्या व्यसनाचा दाखला करून घेतला होता. कागद इंग्रजीत होता. कृष्णातबरोबर एअरपोर्टवर टॅक्सी चालवणाऱ्या नागराजनं त्याचं पहिलं पान वाचलं आणि सार एका वाक्यात सांगितलं, की हे तुझ्या जीन्समध्येच आहे. कृष्णातला तेवढं पुरलं. बंगळुरात येलहंक्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आल्यागेल्याला तो कागद दाखवायचा, माझ्या हातात काही नाही, रक्तातच लिहिलंय म्हणायचा, आणि गॅलरीत जाऊन सिगरेट पेटवायचा.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पाच वेळा सोडून पाच वेळा धरलेला माणूस, त्याला आता डॉक्टरच्या सहीचा आधार मिळाला. आणि गोष्ट साधी नव्हती. तंबाखूमुळे त्याच्या पायातल्या रक्तवाहिन्या आखडत चालल्या होत्या. दिवाळीनंतर उजव्या पायाची करंगळी काढावी लागली होती. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचेल, नाहीतर पुढच्या वेळी करंगळीवर भागणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. टॅक्सीवाल्याचा उजवा पाय गेला तर उरतं काय? त्याचं करायला म्हणून भागुबाई निपाणीहून आली होती आणि लेकाचा धूर बघत बसली होती.

बसून राहणाऱ्यातली ती नव्हती. एका सकाळी तिनं लेकाला आणि सुनेला, शिवलीलाला, बरोबर घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना जाब विचारायला दवाखाना गाठला. श्रीविद्या डॉक्टर घरी मराठीच बोलत, पण त्यांचं घराणं इकडे येऊन तीनशे वर्षं झालेली, त्या मराठीला कन्नडचं चांगलंच पाणी लागलं होतं. भागुबाईनं बसायच्या आधीच सुरुवात केली. आजाऱ्याला औषध द्यायचं सोडून असले कागद कशाला देता, पोरगं आता देवालासुद्धा जुमानत नाही, असं बरंच ती बोलली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, स्वल्प माझं ऐका," त्या म्हणाल्या. "रक्तात आहे म्हणजे सुटत नाही, असं नव्हे. कुठल्या औषधानं सुटेल ते रक्त सांगतं, तेवढंच."

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. एखाद्या घरात गॅसचा सिलिंडर दोन महिने जातो, एखाद्या घरात वीस दिवसांत संपतो. कृष्णातचं लिव्हर सिगरेटमधलं निकोटिन असं भराभर संपवतं, म्हणून त्याला पुन्हा लवकर तलफ येते. करंगळी जायच्या आधी त्यानं दोनदा दंडाला निकोटिनची पट्टी लावून बघितली, ती अशा माणसाला कमी पडते. त्याच्यासाठी वेगळी गोळी आहे, तिच्यात निकोटिन नाही, आणि ते सगळं रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं आहे. दुसरं पान कृष्णातनं लॅमिनेट केलंच नव्हतं. भागुबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पंख्याकडे बघायला लागला.

घरात आणखी कुणाला तंबाखू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. भागुबाईनं मान ताठ केली. तीस वर्षं तिनं निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळण केली होती, शिंकून शिंकून जीव गेला होता, पण चिमूट कधी तोंडात टाकली नव्हती. नवराही सुपारीच्या खांडाला शिवला नव्हता. हे आलं असेल तर सासरकडून, तिचा एक चुलत सासरा चिलीम ओढायचा, तो होताच तसला. मेलेल्या माणसाच्या माथी मारून ती मोकळी झाली.

शिवलीलानं लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सासूला उलट शब्द बोलला नव्हता. ती फरशीकडे बघत बोलली.

"आणि मशेरी, आत्ती?"

भागुबाईला आधी प्रश्नच कळला नाही. मशेरी ही काय तंबाखू झाली? आता तंबाखूच तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची हे खरं, दर आठवड्याला तीच तर भाजायची. पण ते दात घासायचं. तंबाखू म्हणजे पुरुष खातात आणि भिंती रंगवतात ती. निपाणीत कुठल्याही बाईला विचारा, हेच सांगेल.

डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. दिवसातून किती वेळा लावता? चार वेळा, कधी पाच. उठल्यावर किती वेळानं? पाय जमिनीला लागायच्या आधी, डबी उशाशीच असते. नाही मिळाली तर? डोकं फुटतं, कुणाला तरी मारावंसं वाटतं. कृष्णात हसायला लागला. महिन्यापूर्वी हेच तीन प्रश्न त्याला विचारले होते आणि त्यानं हीच उत्तरं दिली होती.

"म्हणजे हे तुझ्याकडनं आलंय," तो म्हणाला. "मग मला कशाला शिव्या घालतीस?"

डॉक्टर सांगत होत्या की असं एकाच माणसावर ढकलता येत नाही, आईचं रक्त तपासलेलं नाही, आणि रक्ताचा वाटा साधारण निम्मा, बाकी घर, संगत, सवय. भागुबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. तिनं विचारलं, जिद्द पण तपासता का तुम्ही रक्तात? तसली तपासणी अजून निघाली नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

"मग ती मीच दावते," भागुबाई म्हणाली. "म्होरल्या सोमवारपास्नं ह्यानं सिगरेट सोडायची, मी मशेरी सोडते. मी लावली तर ह्यानं खुशाल वढावी. तवर न्हाई."

डॉक्टरांना ही पैज अजिबात पटली नाही. माणसाचा पाय कुणाच्या दात घासण्यावर टांगून ठेवतात का? पण कृष्णात पटकन सरी, म्हणजे चालेल, म्हणाला होता, आणि का म्हणाला ते सगळ्यांना दिसत होतं. पन्नास वर्षांची सवय, म्हातारी चार दिवसांत हात टेकणार. भागुबाईलाही औषध देऊ केलं, तिनं घेतलं नाही. गोळी घेऊन सोडली तर नाव गोळीचं होईल, माझं नाही. कृष्णातनं मात्र आठवडाभर आधीच गोळी सुरू केली.

सोमवार कसातरी गेला. मंगळवारी भागुबाईनं दूधवाल्याशी भांडण उकरून काढलं, तेही दूध चांगलं असताना. बुधवारी तिनं भात करपवला आणि दोष कुकरला दिला. शौचाला होईना, झोप लागेना, हिरड्या हुळहुळायच्या आणि डोक्यात सतत घण पडायचे. तिला जगाचा संताप आला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण पन्नास वर्षं ती गावातल्या दारुड्यांना नावं ठेवत आली होती. कृष्णातचं बरं होतं असंही नाही. गोळीनं तलफ निम्मी केली होती, पण उरलेली निम्मीही कमी नव्हती. तो सिगरेट ओढत नव्हता, फक्त आईकडे बघत होता. दुकान कधी उघडतंय याची वाट बघावी तसा.

गुरुवारी दुपारी शिवलीला कामावर गेलेली असताना भागुबाईला डुलकी लागली, आणि जाग आली ती वासानं. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास. तोंडाला पाणी सुटलं. स्वयंपाकघरात कृष्णात उभा होता. ज्या लेकानं जन्मात स्वतःचा चहा करून घेतला नाही, त्यानं कुठून तरी तंबाखू पैदा करून, भाजून, कुटून ताटलीत काढली होती. लंगडत तो तिच्यासमोर आला.

"लाव, आई. तुझे हाल बघवत नाहीत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. पण शर्टाच्या खिशात सिगरेटचं कोरं पाकीट होतं, तेही भागुबाईला दिसलं. तिनं चिमूट उचलली. बोट दातांपर्यंत गेलं. एवढीशी लावली तर डोक्यातले घण थांबणार होते, लगेच, हे तिला देवापेक्षा पक्कं माहीत होतं.

"तुझा बा गेला तवा भाईर तिरडी बांधत हुते," ती म्हणाली. "मी परड्यात हुते. समद्यास्नी वाटलं, भागू एकली रडतीया. मी रडत न्हवते, किस्ना. मशेरी लावत हुते. आदी मशेरी, मग नवरा. कुनालाच बोलले न्हाई आजवर." तिनं बोट खाली घेतलं. "आता तुझा पाय कापत्याल, तवाबी मी अशीच दात घासत बसू?"

तिनं ताटली त्याच्या हातातून ओढून घेतली, मोरीत पालथी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. मग त्याच्यापुढे हात पसरला.

"मला न्हाई जमायचं, आई," तो म्हणाला. "खरंच न्हाई."

"मलाबी जमत न्हाई. काढ."

त्यानं फार वेळ लावला. एकदा तो दारापर्यंत जाऊन परत आला. शेवटी खिशात हात घालून त्यानं पाकीट तिच्या तळहातावर ठेवलं. भागुबाई मोरीपाशी उकिडवी बसली आणि तिनं एकेक सिगरेट मधोमध मोडली. दहावी मोडून झाल्यावर ती रडायला लागली, शेजारीपाजारी दार उघडून बघतील इतक्या मोठ्यानं. रडता रडताच ती लेकाला सांगत होती, की उद्या परत आणलंस तर परत मोडेन, परवा आणलंस तर परवा मोडेन, बघू आपल्या दोघांत कोण आधी थकतंय.